तुलना करा (सात गुण)

विश्रामबागेत रात्रीचे साडेदहा.
पंखा तीनवर. समोर एम.एस्सी. भाग दोनचे बत्तीस पेपर,
सुतळीनं बांधलेले, वरच्यावर माझ्याच कपाचा गोल.
प्रश्न पाचवा मीच काढलाय:
क्षोभ सिद्धांताच्या दोन पद्धतींची तुलना करा.

एकोणतीस जणांनी पानाच्या मधोमध रेघ मारलीये.
डावीकडे रॅले-श्रोडिंजर, उजवीकडे ब्रिलुइन-विग्नर,
शेजारी शेजारी मांडलेल्या पत्रिका जणू.
गुण जुळतात. पोरं पास होतात.

पहिली पद्धत सरळ माणसाची.
आधी सुटलेलं गणित हातात धरायचं
आणि नव्या धक्क्याचा हिशोब जुन्याच पट्टीनं करायचा.
एक दुरुस्ती, मग तिच्यावर दुसरी, दम लागेपर्यंत तिसरी.
छेदात फक्त जुन्या ऊर्जा,
सगळ्या ओळखीच्या, सगळ्या कोरड्या.

एकोणीसच्या ऑगस्टात सांगलीवाडीला
बाबा असंच मोजत होते.
भिंतीवर पाचच्या पुराची खूण, निळ्या ऑइलपेंटची.
खुणेपासून चार वीत खाली. तीन वीत. आता दीड.
मग खूणच पाण्याखाली गेली,
आणि बाबा बॅटरी हातात धरून जिन्यात उभे,
कशापासून मोजायचं ते न कळून.
धक्का लहान असावा लागतो, हे मी दर वर्षी
फळ्यावर पहिल्याच ओळीत लिहिते.
त्या वर्षी लिहिताना खडू मोडला.

दुसरी पद्धत आतल्या गाठीची.
तिच्या छेदात जी बसलेली असते
तीच ऊर्जा शोधायला तर आपण निघालेलो.
म्हणून अंदाज आत टाकायचा,
बाहेर येईल ते उचलून परत आत,
परत, परत,
घातलेलं आणि आलेलं एकच होईपर्यंत.

तिसावा पेपर मेहजबीन शिकलगारचा. रोज मिरजेहून येते.
मधे रेघ नाही. लिहिलंय:

"आमचे अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात.
कानशीचा एक हात मारला की आवाज थोडा उघडतो,
दुसऱ्यानं अजून थोडा.
किती हात ते ठरलेलं नाही.
एक जास्त झाला की तार नुसती खरखरते, हाड वाया जातं.
मालिकेचंही तसंच, मॅडम.
सुरुवातीची पदं उत्तराजवळ नेतात,
पुढची तीच पदं लांब नेऊन सोडतात.
पुस्तकात कुठे थांबायचं ते नाही.
अब्बा थांबतात, कारण हवा तो आवाज
त्यांच्या कानात आधीपासून असतो.
म्हणजे ते दुसऱ्या पद्धतीचे.
मी शिकतेय, मी अजून पहिल्या."

खाली समासात, बारीक:
"जोडीच्या दोन तारा एकाच सुरात असल्या तर छेद शून्य.
तिथे आधी त्या दोघींचं आपसात मिटवावं लागतं."

मी चष्मा काढून पुसला. परत घातला.
सूत्र बरोबर आहे. बेरजेचं चिन्ह विसरलीये.
दोन तंबोरे दोन लांबच्या खोल्यांत ठेवले
तर दुसऱ्या पद्धतीत दोघांची बेरीज जुळत नाही,
एकाचं गणित उगाच दुसऱ्यात घुटमळतं,
हे मी तासाला दोनदा सांगितलं होतं. तेही नाही.

साडेपाच लिहिले.
खोडून सहा.
मग नमुना उत्तर काढून वाचलं, माझंच,
मधोमध रेघ मारलेलं,
आणि परत साडेपाचवर आले. परत सहा.
कागद तिथे पातळ झाला.
लाल पेनचं टोपण लावलं तेव्हा आकडा सहा होता.

उरले दोन. एकात सबमिशनच्या वहीतलं जसंच्या तसं.
दुसऱ्यात प्रश्न तेवढा उतरवून घेतलाय
सुरेख, टपोऱ्या अक्षरात,
आणि खाली सबंध पान कोरं.
शून्याव्या क्रमापर्यंत आलंय पोरगं.
धक्का अजून बसायचाय.